फूटभर पुढची भिंत

"इथे खणा," विल्फ म्हणाला आणि काचघर घराला मिळतं त्या डाव्या कोपऱ्याशी त्याने बुटाच्या टाचेने मातीत खूण केली. "इथे खणलंत की सगळ्यांचं समाधान होईल. कंबरेइतका खोल पाया आहे. या हातांनी खणलाय मी."

"सकाळपासून तिसऱ्यांदा सांगतोयस," बेरिल म्हणाली. स्वयंपाकघराच्या मागच्या दारात खुर्ची टाकून ती बसली होती. मांडीवर कांबळं, बाजूला कुबडी, आणि हातातला चहा कधीच निवून गेलेला. "एवढी खात्री आहे तर कपाळावर घाम कसला?"

"ऊन आहे."

एप्रिलमधल्या लँकेशायरात ऊन म्हणजे काय ते बेरिलला ऐंशी वर्षं ठाऊक होतं. 

फेब्रुवारीत जिन्यावरून पडल्यापासून बेरिलचं अंथरूण पुढच्या खोलीतल्या सोफ्यावर होतं. खुब्याचं हाड जोडलं गेलं, पण जिना काही आता जमायचा नाही, असं इस्पितळातल्या बाईने स्पष्ट सांगितलं होतं. तेव्हा हेझलने, म्हणजे तिच्या मुलीने, तोड काढली. बाबांनी बांधलेलं काचघर आहे, तिथे वर काचेऐवजी नीट छप्पर घालायचं, मधलं दार काढून टाकायचं आणि आईची झोपायची खोली करायची. स्वयंपाकघर लागून, न्हाणीघर लागून. ऐकायला सोपं होतं. पण मधलं दार जोवर जागेवर आहे तोवर कायद्याच्या लेखी काचघर घराच्या बाहेर असतं, बागेतल्या अवजारांच्या खोपटासारखं. त्याचा पाया कुणी विचारत नाही. दार काढून तिथे माणूस झोपवायचा म्हटलं की ती खोली झाली, आणि खोली म्हटली की कौन्सिलचे, म्हणजे नगरपालिकेचे, सगळे नियम आले: भिंती, फरशी, पाया.

एड्रियनला, मोठ्या मुलाला, हे मुळातच पसंत नव्हतं. लिथमला समुद्राकाठी वयस्कर माणसांसाठी बांधलेल्या फ्लॅटांपैकी एक त्याने पाहून ठेवला होता. दोरी ओढली की खालून माणूस धावत येतो. ईस्टरच्या जेवणात यावरून भावाबहिणींची बरीच जुंपली, आणि शेवटी बेरिलनेच काट्याने बशीवर टकटक केलं होतं. "कौन्सिलने पाया पास केला तर मी इथेच राहणार, आणि एड्रियन, तू पुन्हा लिथमचं नाव काढायचं नाहीस. पास नाही केला तर मी मुकाट्याने येते."

तिने हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, कारण विल्फने टेबलापलीकडून मान डोलावली होती. विल्फ तिचा धाकटा दीर, तिच्या गेलेल्या नवऱ्याचा, क्लिफर्डचा, भाऊ. गॅसचे पाइप टाकण्यासाठी त्याने उभा जन्म रस्ते खणले. त्याने खणलेल्या पायाबद्दल शंका घ्यायचं कुणाला कारणच नव्हतं.

आज शुक्रवार, आणि कौन्सिलची इन्स्पेक्टर यायची वेळ झाली होती.

इन्स्पेक्टर मिसेस ओग्डेन गाडीच्या डिकीतून रबरी बूट काढून, ते चढवूनच मागच्या दारी आली. चाळिशीची, आखूड केसांची, घाईत नसलेली बाई. आधी ती काचघरात गेली. तिथे डॅरेलने, म्हणजे काम घेतलेल्या गवंड्याने, फरशीचा एक तुकडा फोडून ठेवला होता.

"वर टाइल, खाली चार बोटं काँक्रीट, त्याखाली थेट माती," तिने वाकून पाहिलं. "ओल अडवायला प्लास्टिक नाही, थंडी अडवायला काही नाही. ही सगळी उखडावी लागेल. खाली दगडाची खडी ठोकून बसवायची, त्यावर प्लास्टिकचा कागद, मग थंडी अडवायला फोमचे जाड तक्ते, आणि वर नवं काँक्रीट."

"ते धरलंय मी," डॅरेल म्हणाला. "स्वयंपाकघराच्या पातळीला आणणार. पायरीच राहणार नाही मध्ये."

"उत्तम. झाकायच्या आधी मला बोलवा, प्रत्येक टप्प्याला." ती बाहेर आली. "फरशीचं काय, होऊन जाईल. प्रश्न पायाचा. नव्या छपराचं वजन काचेपेक्षा कितीतरी जास्त. आणि इथे सगळी चिकणमाती. उन्हाळ्यात आकसते, हिवाळ्यात फुगते. उथळ पाया असला की भिंत तिच्याबरोबर नाचते."

"कंबरेइतका आहे," विल्फ म्हणाला.

"तुम्ही?"

"मी खणलाय."

"छान. मग घाबरायचं कारण नाही."

डॅरेलने विल्फच्या टाचेच्या खुणेवर फावडं घातलं. खड्डा खोल होत गेला, आणि एड्रियनची बायको लॉरेन घरातून चहाचा ट्रे घेऊन आली तोवर डॅरेल जवळजवळ कंबरेपर्यंत आत उभा होता. मिसेस ओग्डेनने टेप सोडून मोजलं, हाताने काँक्रीट थोपटलं.

"सुंदर," ती म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं हे सगळ्यांना कळलं. "घरच्या माणसांनी घातलेला असा पाया मी क्वचित पाहिलाय."

हेझलने टाळीच वाजवली. एड्रियन खिशात हात घालून कुंपणाकडे बघत राहिला. बेरिलला आत कुठेतरी काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. तिने लॉरेनने आणलेला मनुकांचा एकल्स केक उचलला, खायची इच्छा नसताना.

"आता या टोकाला एक," मिसेस ओग्डेन म्हणाली आणि बागेकडच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली.

"तिथे कशाला?" विल्फने विचारलं.

"तिथे कशाला म्हणजे? भिंत तिथेही आहे."

"तिथून पाण्याचा पाइप जातो."

"काका, पाइप पलीकडून जातो," हेझल म्हणाली. "शेजारच्या भिंतीला लागून. तुम्हीच दाखवला होतात."

"मग मुळं असतील. प्लमचं झाड होतं तिथे."

"प्लमचं झाड कोंबड्यांच्या खुराड्यापाशी होतं," बेरिल म्हणाली. तिने केक बशीत ठेवला. विल्फला ती सत्तरेक वर्षं ओळखत होती, शाळेच्या बाकापासून. खोटं बोलताना तो उजवा कान ओढायचा, आणि आत्ता त्याने तो असा धरला होता की जणू कुणी चोरून नेणार आहे.

"विल्फ," ती म्हणाली. "खणू दे त्यांना."

डॅरेलने तिथे फार खणलंच नाही. दोन थर विटा लागल्या, त्यांच्याखाली फावडं खणकन वाजलं. त्याने हाताने माती सारली. विटांखाली बागेतल्या वाटेवर घालतात तशी एक दगडी लादी आडवी होती. लादीखाली फावडं शिरलं ते पिवळ्या मातीत, लोण्यात सुरी जावी तसं.

 मिसेस ओग्डेन गुडघ्यावर बसली, आत हात घालून चाचपलं. मग उठून काचघरात गेली, भिंतीपासून थोड्या अंतरावर फोडलेल्या फरशीतून खाली पाहिलं, आणि डॅरेलकडून तिथे अजून थोडं फोडून घेतलं.

"पाया आहे," ती आतून म्हणाली. "अगदी तसाच, खोल आणि सरळ. पण तो इथे आहे. भिंतीच्या फूटभर अलीकडे. भिंत त्याच्यावर नाहीच. ती नुसत्या लाद्यांवर उभी आहे." ती दारात आली. "ज्याने पाया घातला त्याने काम चोख केलंय. ज्याने भिंत बांधली त्याने बहुतेक खाली पाहिलंच नाही."

"पाहिलं होतं त्याने," विल्फ म्हणाला.

"बाबांनी?" हेझलचा आवाज बारीक झाला.

"झालं तर मग," एड्रियन म्हणाला. त्याच्या बोलण्यात आनंद नव्हता, हे बेरिलने लक्षात ठेवलं. "आई, ठरलं होतं आपलं. सगळ्यांसमोर."

"ठरलं होतं."

"थांब ना जरा!" हेझल त्याच्यावर ओरडली. "तुला तर हेच हवं होतं!"

"मला काय हवं होतं ते तुला काय ठाऊक? तू लीड्सला होतीस. दार उघडून आत आलो तो मी. जिन्याखाली आई पडलेली होती आणि मला म्हणाली, 'अरे, ओव्हनमधला केक बघ, जळेल.' ओठ निळे पडले होते तिचे. रोज रात्री फोन उशाशी घेऊन झोपतो मी. तू ये आणि तू झोप माझ्या जागी एकदा."

 मग, बेरिलला अजिबात अपेक्षा नव्हती असं झालं. हेझल खड्ड्यातल्या लादीकडे बघत म्हणाली, "कदाचित एड्रियनचंच बरोबर असेल, आई. बाबांनीच असं केलं असेल, तर या घरात अजून काय काय लाद्यांवर उभं आहे कुणास ठाऊक."

बापाची लाडकी ती. बापावरच तिचा जास्त राग.

"विल्फ, इकडे ये," बेरिल म्हणाली. "बस. आणि कान सोड. काय झालं होतं ते सांग. झाकली मूठ आता उघडलीच आहे."

विल्फ पायरीवर बसला. टोपी काढून त्याने गुडघ्यावर ठेवली.

"आईची ती दोन जेवणं आठवतात ना तुला? नाताळच्या दुसऱ्या दिवशी?"

कशी विसरेल? तेव्हा दोन्ही भावांची घरं वेगळी, बॉक्सिंग डेची जेवणं वेगळी. म्हातारीला दुपारी एकीकडे थंड टर्की आणि लोणच्यातली लाल कोबी खायला लागायची, आणि मग गाडीत घालून दुसरीकडे नेलं की तिथेही तेच ताट. दोन्ही सुना ताटाकडे बघत बसायच्या, कुणाकडे जास्त खाल्लं म्हणून. एका वर्षी म्हातारीने काटा खाली ठेवला आणि म्हणाली, पुढच्या वर्षी एक टेबल, एक जेवण. नाहीतर मी शेजारच्या मिसेस पिकपकडे जाते, तिच्याकडे निदान मांजर तरी आहे.

त्यातून काचघर निघालं. एवढं लांब टेबल मावेल अशी खोली दोघांपैकी कुणाकडेच नव्हती.

"शनिवारी पाया ओतला आम्ही," विल्फ सांगत होता. "पुढच्या रविवारी क्लिफला हौस आली. भिंती उठायच्या आधी बसून बघू म्हणाला. दोन्ही टेबलं जोडून पायाच्या आत मांडली. खुर्च्या मांडल्या. आईला आणलं."

"मला आठवतंय," हेझल म्हणाली. "उघड्यावर कोट घालून बसलो होतो आपण. आजीच्या डोक्यावर छत्री होती. मला वाटायचं गंमत म्हणून."

"गंमतच होती. पण शेवटची खुर्ची मावेना. तिचे मागचे पाय पायाच्या बाहेर, मातीत. भिंत आली असती ती बरोब्बर पाठीला चिकटून. आणि त्या खुर्चीवर होती माझी नॉर्मा." त्याने टोपी फिरवली. "ती काय म्हणाली, ते बेरिल, तुला आठवतं का?"

बेरिलला शब्दन्‌शब्द आठवत होता. नॉर्मा मातीत रुतलेल्या खुर्चीवर ताठ बसून, हातमोजे न काढता म्हणाली होती, 'म्हणजे कळलं मला, या घरात माझी जागा कुठे आहे. बाहेर.'

"तिने गाडीत बसल्यावर मला सांगितलं, मी येणार नाही. आणि ती येणार नाही म्हणजे नाहीच, तुला माहीत आहे ती. मी क्लिफला फोन केला. तो हो-नाही काही बोलला नाही. दुसऱ्या संध्याकाळी मी येऊन बघतो तर पठ्ठ्याने फूटभर पुढे विटांचा पहिला थर लावलेला. मी म्हटलं, वेड लागलं का तुला, खाली काय आहे? तर म्हणाला, वाटेवरच्या लाद्या आहेत. मी म्हटलं, उखड, मी दोन दिवसांत चर खणून देतो. तर म्हणाला, काँक्रीट सगळं संपलं, नाताळ तोंडावर आलाय. काचच तर आहे वर, काचेला कसलं वजन. आणि म्हणाला, नॉर्माला सांगू नकोस की तिच्यासाठी भिंत हलवली. उगाच तिला ओशाळल्यासारखं होईल. आणि बेरिलला पण सांगू नकोस."

"मला का नाही?"

विल्फने तिच्याकडे पाहिलं. उत्तर दोघांनाही माहीत होतं. त्या काळात नॉर्मासाठी टाचणीसुद्धा हलवलेली बेरिलला चालली नसती.

आणि ती भिंत, बेरिल मनात म्हणाली, त्या नाताळापासून उभी होती. म्हातारी जाईपर्यंत तिथे जेवली. नॉर्मा शेवटच्या आजारातही त्याच खुर्चीत बसून कोबी चिवडत राहिली. क्लिफर्ड गेला त्या वर्षीसुद्धा सगळे आले होते. लाद्यांवरच्या भिंतीने एवढी माणसं धरून ठेवली होती. पण आता तिच्यावर छप्पर टाकता येणार नव्हतं, आणि त्यावर हळवं होऊन उपयोग नव्हता.

"मग काय, लिथम," ती म्हणाली. कांबळं तिने नीट केलं. "शब्द दिलाय मी."

"एक विचारू का?" लॉरेन म्हणाली.

इतका वेळ ती चहाचा ट्रे हातात धरून उभीच होती. लिथमच्या फ्लॅटमधल्या पडद्यांचं मापही तीच घेऊन आली होती, हे बेरिलला ठाऊक होतं. ती एड्रियनशी नाही, मिसेस ओग्डेनशी बोलत होती.

"भिंत पाडून पायावर मागे आणली तर?"

मिसेस ओग्डेनने ओठ मुडपून विचार केला. "छप्पर नवंच होणार आहे. म्हणजे भिंत कुठे हवी ते तुमच्या हातात. हा पाया सगळीकडे असाच आहे हे मला उघडून दाखवलं, तर त्याच्यावर भिंत बांधायला माझी काहीच हरकत नाही. उलट आनंदच आहे."

"सगळीकडे असाच आहे," विल्फ म्हणाला. यावेळी कानाकडे हात गेला नाही.

"लॉरेन!" एड्रियन म्हणाला. "तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"मी मापाच्या बाजूने आहे." तिने ट्रे बेरिलच्या मांडीवर ठेवला, आणि डॅरेलचा टेप मागून घेऊन आत गेली. आतून तिचा आवाज येत राहिला. "पलंग इथे... कपाट... कुबडी घेऊन वळायला एवढं... मावतंय. आरामात मावतंय." मग ती थांबली. दारात आली तेव्हा टेप हातात तसाच लोंबत होता. "फक्त नाताळचं लांब टेबल मावणार नाही. कधीच."

 आत्तापर्यंत कुणाच्या मनात आलं नव्हतं, की खोली झाली म्हणजे टेबल जाणारच. पलंग उचलून नाताळपुरता बाजूला करू, असं काहीतरी प्रत्येकाने धरलेलं असावं. बेरिलने तर नक्कीच धरलेलं होतं. गेली दहा-बारा वर्षं लॉरेन दर नोव्हेंबरात विचारायची, या वर्षी आमच्याकडे करू का, बेरिल? आणि बेरिल दर नोव्हेंबरात म्हणायची, तुमच्याकडे एवढी जागा कुठे आहे गं.

"एड्रियन," बेरिल म्हणाली. "तुझं काय म्हणणं आहे ते नीट सांग. कौन्सिलचं सोड. तुझं."

 "तू पुन्हा पडलीस तर?"

"तर सपाट जमिनीवर पडेन. जिन्यापेक्षा बरंच कमी अंतर आहे."

डॅरेल फिस्सकन हसला आणि लगेच फावड्याकडे बघायला लागला. एड्रियनलाही हसू आवरेना, पण त्याचे डोळे भरले होते.

"दोरी लावू आपण," तो म्हणाला. "पलंगाशी. ओढलीस की माझ्याकडे वाजेल."

"लाव. पण चहा हवा म्हणूनसुद्धा ओढीन, सांगून ठेवते."

"म्हणजे मी रोज येऊ?"

"मग दोरी कशाला लावतोयस?"

हेझल खड्ड्याशी बसली होती. ती लादीवरची माती बोटाने पुसत होती, जशी लहानपणी बापाच्या बुटावरची पुसायची. "काका," ती म्हणाली, "बाबा त्या दिवशी विटा लावताना काय म्हणत होते? शिव्या देत होते का?"

"शीळ घालत होता," विल्फ म्हणाला. "बेसूर. नेहमीसारखी."

मिसेस ओग्डेन बूट बदलून निघाली. जाताना म्हणाली, पाया पूर्ण उघडला की फोन करा, आणि त्याआधी एक वीटसुद्धा ठेवू नका. डॅरेलने सोमवारी भिंत पाडायला घेतो म्हणून सांगितलं. विल्फने विचारलं की लागतील का त्याला दोन हात, आणि डॅरेल त्याचं वय बघून 'नको' म्हणणार होता, पण बेरिलची नजर पाहून 'या की' म्हणाला.

बाकीचे गाड्यांकडे गेले. लॉरेन मात्र रिकामे कप गोळा करत मागे राहिली. टेप अजून तिच्या खिशात होता.

"बेरिल, टेबल आमच्याकडे न्यायचं म्हणजे..." ती सिंकमध्ये कप ठेवत म्हणाली, पाठ करून. "मनातल्या मनात मांडून पाहिलं मी. जेवणाची खोली लहानच आहे, तुम्ही म्हणता ते खोटं नाही. टेबल तिरपं लावलं तरी शेवटची खुर्ची दारातच येते. पाठीला वारा लागणार, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण धक्का देणार. पण काही बिघडत नाही. तिथे मी बसेन. मला तसंही सारखं उठावं लागणार."

बेरिलने कुबडी घेतली आणि उठली. स्वयंपाकघरातून तिला उघडं पडलेलं काँक्रीट दिसत होतं, आणि त्याच्यापलीकडे, फूटभर लांब, क्लिफर्डच्या विटा. त्या रविवारी 'तिथे मी बसेन' हे एक वाक्य कुणाच्या तोंडून निघालं असतं तर ती भिंत पायावरच उभी राहिली असती. पण ते निघालं नाही, नॉर्माच्या नाही, विल्फच्या नाही, आणि तिच्या स्वतःच्याही नाही.

"तुला नाही जमायचं," ती म्हणाली. "ओव्हन तुझा, ग्रेव्ही तुझी. तू ओव्हनजवळ बस."

"मग दारात कोण?"

"मी," बेरिल म्हणाली. "आणि वारा लागला तर लागला. कोट घालून बसेन."